सोलापूरचा उन्हाळा आणि इन्सुलेटेड डबा बॅग: फेब्रुवारी ते जून वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत घेतली होती ही बॅग, आता निम्मा जून झाला, म्हणजे अख्खा उन्हाळा काढलाय तिने आमच्यासोबत, म्हणून आता लिहिते. माझं काम बचत गटांचं, स्कूटीवर मोहोळकडची गावं, सकाळी निघायचं आणि जेवायला दीड-दोन वाजतात, तेही कुठं शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळाच्या ओट्यावर. शिवाय रविवारी पोरांना घेऊन नळदुर्ग, अक्कलकोट, तुळजापूर असं चालूच असतं. मे महिन्यात इथं पारा 42-43 ला जातो, त्यात साध्या पिशवीतला डबा दुपारी उघडला की भाजीचा वास सांगतो काय झालंय ते.

बॅग साधीच आहे, आत चंदेरी अस्तर, मधे फोम, दोन डबे आणि एक लिटरची बाटली बसते, हजाराच्या आतली. पहिलं स्पष्ट सांगते, ही बॅग गार करत नाही. आत गार ठेवलं तर गार राहतं, एवढंच. गरमागरम भाजी भरून चेन लावली तर ती तासनतास कोमट राहते आणि तेच वाईट, कारण 5 ते 60 अंशाच्या मधे जंतू भराभर वाढतात. बाहेर 32 च्या वर असलं की शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त तसंच ठेवू नका असं सांगतात, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात 32 सकाळी ऑफिसला निघायच्या आधीच होतं बघा. भात तर मी उन्हाळ्यात डब्यात देतच नाही, भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढतात. ओल्या खोबऱ्याची चटणी पण बंद.

मग ठेवायचं काय? माझं मत असं झालंय की सोलापूरच्या माणसाला या बॅगेत फार काही ठेवायची गरजच नाही, आपलं निम्मं जेवण बॅगेशिवाय टिकतं. कडक भाकरी, शेंगा चटणी, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, हे सगळं बाहेर, वेगळ्या स्टीलच्या डब्यात. कडक भाकरीत पाणीच उरलेलं नसतं म्हणून ती आठवडेच्या आठवडे राहते, आणि तीच बॅगेत ठेवलीत तर बर्फाच्या बाटलीच्या घामानं वातड होते, मग खायची इच्छाच जाते. दशम्या पण चांगल्या टिकतात. धपाटे मात्र कांदा न घालता आणि त्याच दुपारी संपवायचे.

बॅगेत जातं ते दही, ताक, काकडी, सोललेलं डाळिंब आणि सालीसकट उकडलेली अंडी. काकडी सालासकट आणि अख्खी न्यायची, चाकू सोबत, चिरून मीठ लावून नेली की डब्यात नुसतं पाणी होतं. दही रात्री लावून सकाळी थेट फ्रिजमधून डब्यात, मधे ओट्यावर ठेवायचं नाही. आणि बर्फाची बाटली तळाशी नाही, सगळ्यात वर ठेवायची, गार हवा खाली उतरते म्हणून. बाटली पाऊणच भरायची, पाण्याचा बर्फ झाला की ते फुगतं आणि झाकण निघतं. भोवती जुनं सुती फडकं गुंडाळलं की घाम डब्यांवर येत नाही, आणि दुपारी तेच पाणी वितळून पिता येतं. बॅगेत मोकळी जागा ठेवू नका, नॅपकिन कोंबा. अशी भरली की माझं दही दीड वाजेपर्यंत व्यवस्थित गार असतं, चारपर्यंत मात्र धरवत नाही, आंबट होतं.

नळदुर्गला पाणीमहाल बघून वर आलो तेव्हा पोरांना भूक लागलेली, वाटीत कडक भाकरी चुरली, वर गार दही, त्यावर उखळात कुटलेली शेंगा चटणी. कुटलेल्या चटणीला तेल सुटलेलं असतं ना, ते दह्यावर लालसर पसरतं. मिक्सरवर फिरवलेल्या चटणीला ते येत नाही, माझं ठाम मत आहे, आणि आमच्या सासूबाईंचंही. धाकट्यानं तर वाटी चाटून पुसली. त्या दिवशी हॉटेलातलं तळलेलं काही खाल्लं नाही आणि घरी आल्यावर कुणाचं पोटही दुखलं नाही.

प्यायला फक्त पाणी नेऊ नका, घाम जातो तसं मीठही जातं. लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ असं सरबत नाहीतर ज्वारीची आंबील, ताक घालून पातळ केलेली. आंबील बॅगेतच, नाहीतर फसफसते.

आता तक्रारी. खालच्या कोपऱ्यात अस्तराची शिवण एप्रिलमधेच उसवली, तिथून पाणी फोममधे जातं आणि मग कुबट वास येतो जो साबणानं पण जात नाही. दुकानदारानं ही वस्तू वॉरंटीत येत नाही म्हणून हात वर केले, शेवटी चपला शिवणाऱ्या काकांकडून शिवून घेतली, आता बरी आहे. बाजूचा जाळीचा कप्पा तर नावालाच, चमचा टाकला तरी ताणतो. आणि चेन, ती दर आठवड्याला मेणबत्ती फिरवून मऊ करावी लागते, धूळ बसली की अडकते. धुतल्यावर उघडी करून उलटी वाळवा, पण उन्हात नको, अस्तर कडक होऊन तडकतं.

स्कूटीवर डिकीत ठेवायची नाही, खाली इंजिनची गरमी येते, मी समोर हुकला लावून वर ओढणी टाकते. बंद गाडीत तर अजिबात ठेवून जाऊ नका, आत भट्टी होते.

पुढच्या उन्हाळ्याला घ्यायची झाली तर मी याच मापाची पण अस्तराला शिवण नसलेली, एकजोड असलेली बघणार, भले दोन-तीनशे जास्त गेले तरी चालतील. चौघांच्या ट्रिपला हे माप कमी पडतं, दही आणि ताक दोन्ही घेतलं की अंडी बाहेर राहतात.