पोस्टकार्ड, आंतरदेशीय की पाकीट? हाताने लिहायच्या चिठ्ठीच्या सामानाचं परीक्षण

५० पैशांचं पोस्टकार्ड, अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र आणि २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांच्या तिकिटावर जाणारं पाकीट. मनापासून चार ओळी लिहायला एवढं सामान पुरतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुख्य पोस्टात ते मागावं. छोट्या शाखेत कार्डं आणि आंतरदेशीय नेहमी शिल्लक असतीलच असं नाही, म्हणून एकदम दहा-वीस आणून ठेवलेली बरी. तिघांत आमची पसंती आंतरदेशीयला. पण कुठल्या प्रसंगाला काय वापरायचं हे चुकलं, तर चांगला मजकूरही उघडा पडतो किंवा अर्धवट वाटतो.

पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं. इंग्रजी लिहिणारा त्यात दाटीवाटीने बरंच बसवतो, मराठीत ते जमत नाही. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा एकमेकांत अडकतात. वाचता येईल असं लिहायचं तर दोन ओळींत आठ मिलिमीटर अंतर लागतं. म्हणजे पूर्ण बाजूवर दहा ओळी, ओळीला आठेक शब्द, एकूण ऐंशीच्या आसपास. पत्त्याच्या बाजूचा डावा भाग धरला तर आणखी पंचवीस-तीस. हे माप आधी कच्च्या कागदावर मोजून घ्या. बहुतेकांची कार्डं बिघडतात ती शेवटी: जागा संपते, अक्षर बारीक होत जातं, आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कडेने उभं लिहावं लागतं.

निकाल, नोकरी, नवं घर, वस्तू मिळाल्याची पोच, आभार यांना कार्ड उत्तम. एकच आनंदाची गोष्ट सांगायची आणि थांबायचं. 'चि. भाच्यास अनेक आशीर्वाद. गणितात ९१ पडले हे कळलं. दहावीत त्याच गणिताने तुला रडवलं होतं, म्हणून या ९१ चं कौतुक जास्त. पेढे मी आणतो, तू घरी थांब.' एवढं झालं की कार्ड भरलं. 'उज्ज्वल भविष्यासाठी हार्दिक शुभेच्छा' ही ओळ गाळली तर मुलाचं काही बिघडत नाही. ९१ चा उल्लेख गाळला तर चिठ्ठी कोणालाही लिहिलेली वाटते.

दुःखाच्या प्रसंगाला मात्र कार्ड नको. ते पोस्टमनपासून शेजारच्यापर्यंत कोणीही वाचू शकतं. शिवाय मयताची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत जुन्या माणसांच्या ध्यानात अजून पक्की आहे. कोपरा दुमडलेलं किंवा चुकून फाटलेलं कार्ड टपालात टाकूच नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा जीव धसकतो.

आता आंतरदेशीय. एकाच निळ्या कागदाचं पत्र आणि पाकीट, तिकीट आधीच छापलेलं. आतली बाजू पूर्ण लिहायला मिळते. मराठीत दोनशे ते अडीचशे शब्द आरामात बसतात, आणि मनातलं सांगायला हे माप अगदी नेमकं आहे: कार्डासारखी घाई नाही, कोऱ्या पानाची धास्तीही नाही. मात्र याचे तीन दोष ठाऊक हवेत.

पहिला दोष कागदाचा. तो पातळ आहे. शाईचं पेन वापरलं तर शाई फुटते, जेल पेनची मागे उमटते. ०.७ चं साधं बॉलपेन इथे सगळ्यात चांगलं, तेही हलक्या हाताने; दाबून लिहिलं तर मागचा पत्ता खडबडीत होतो.

दुसरा दोष गोंदाचा. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा गोंद कोरडा ठणठणीत झालेला असतो, आणि मग माणसं भरपूर पाणी लावतात. कागद सुरकुततो, आतली अक्षरं पसरतात. ओलं बोट एकदाच फिरवा, घडी दाबून धरा आणि वर दोन मिनिटं पुस्तक ठेवा. पावसाळ्यात उलटं होतं: ठेवलेल्या आंतरदेशीयांच्या पट्ट्या दमट हवेने आपोआप चिकटतात. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावा.

तिसरा दोष सगळ्यात मोठा, आणि तो लिहिणाऱ्याला कधी दिसत नाही. वाचणारा पत्र कडेने फाडून उघडतो आणि कडेची अक्षरं पट्टीबरोबर जातात. म्हणून चारही बाजूंना दीड सेंटिमीटर कोरं सोडा. बाहेरच्या घडीवर महत्त्वाचं काही लिहू नका. तिथे मुलांची नावं, 'सगळ्यांना नमस्कार' इतकंच. आणि आत काहीही घालायला परवानगी नाही. फोटो, नोट, राखी, काहीच नाही. घालायचंच असेल तर पाकीट घ्या.

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, हेच पत्र सर्वांत शोभतं. लेक येणार असेल तर पंधरा दिवस आधी बोलावणं जावं, येऊ शकणार नसेल तर सणाच्या दोन दिवस आधी तिच्या हातात पडेल असं टाकावं. मजकुराला एक साधा क्रम चालतो. आधी तिच्या घरची विचारपूस, नाव घेऊन: सासूबाईंचा गुडघा, धाकट्याची शाळा. मग इथली बातमी, पण दिसेल अशी: कडुनिंबाला झोका बांधला, सांजोऱ्यांचा रवा दळून आला, गौराई कोणाच्या घरी बसली. मग तिच्याविषयी एकच वाक्य, जे दुसऱ्या कोणत्याही लेकीला लागू पडणार नाही. शेवटी बोलावणं. घरात अहिराणी बोलली जात असेल तर हे शेवटचं वाक्य अहिराणीतच लिहा. 'आखाजीले ये, वाट देखी ऱ्हायनू' या पाच शब्दांनी जे पोहोचतं ते प्रमाण मराठीच्या अर्ध्या पानाने पोहोचत नाही. रावेर-यावलकडच्या लेवा घरांनी त्यांच्या बोलीत लिहावं. बोली अशुद्ध दिसेल म्हणून घाबरणारे पुष्कळ भेटतात. पत्र हा परीक्षेचा पेपर नाही, ऐकू येईल तसं लिहावं.

मायना जपून निवडा. वडीलधाऱ्यांना 'ति.' आणि साष्टांग नमस्कार, धाकट्यांना 'चि.' आणि आशीर्वाद, बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.' हे ठीकच. पण ज्यांना आयुष्यभर 'जिभाऊ' म्हटलं त्यांना पत्रात 'आदरणीय काका' लिहू नका. 'ति. जिभाऊंना' असाच आरंभ करा.

पाकीट आणि कोरा कागद ही जोडी सांत्वनासाठी, निवृत्तीसाठी आणि लांबलचक आभारांसाठी. वहीचं पान ५४ ते ६० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचं) असतं, त्यावर दोन्ही बाजूंनी लिहिलं तर दोन्ही बाजू वाचवत नाहीत. झेरॉक्सचा ७५ चा कागद चालतो. ८५ ते १०० चा बाँड सगळ्यात चांगला, स्टेशनरीच्या दुकानात सुटाही मिळतो. खाली जाड रेघांचं पान ठेवलं की ओळी सरळ येतात. रेघांत नऊ मिलिमीटर अंतर ठेवा. वजनाचा हिशेब सोपा आहे. ८५ जीएसएमचं ए-फोर पान सव्वापाच ग्रॅम भरतं, पाकीट पाचेक ग्रॅम. दोन पानं पाच रुपयांत जातात, तिसरं घातलं की २० ग्रॅम ओलांडतात आणि आणखी पाचाचं तिकीट लागतं. तिकीट कमी पडलं तर कमी रकमेच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल होतात. सांत्वनाच्या पत्रावर असं होऊ देणं फार वाईट.

सांत्वनाच्या पत्रावर वर 'श्री' लिहीत नाहीत, शेवटी आशीर्वादही नाहीत. नाव, तारीख आणि थेट मजकूर. अर्धं पान पुरे. कसं झालं, कधी झालं हे विचारू नका. ते त्या घराने शंभरदा सांगितलेलं असतं. 'काळ हेच औषध', 'देवाची इच्छा' ही वाक्यं बरं लिहिता येत नाही तेव्हा सुचतात, ती खोडून टाका. त्याऐवजी गेलेल्या माणसाची एक पाहिलेली गोष्ट लिहा. 'केळीचा ट्रक भरताना भाऊ आधी प्रत्येक मजुराला पाणी विचारायचे.' घरच्यांना ठाऊक नसलेली अशी एखादी आठवण तुमच्याकडे असेल तर ती त्यांच्यासाठी मोलाची असते. पुढे मदतीचं बोलायचं तर तारखेसह: 'काही लागलं तर सांगा' म्हटल्यावर कोणी सांगत नाही, 'येत्या सोमवारी येतो, बँकेचे आणि सातबाऱ्याचे कागद सोबत बघू' म्हटलं तर खरंच मदत होते. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. पत्र त्यानंतर, घर रिकामं झाल्यावर पोहोचलं तर जास्त वाचलं जातं, म्हणून उशीर झाला या संकोचाने लिहायचं टाळू नका.

हातकागद दिसायला देखणा. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनतो, पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तो बनवते. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखात या कागदाचं कौतुक वाटतं ते साहजिक आहे. पण विकत घेण्याआधी कोपऱ्यावर शाईची एक रेघ ओढून पाहा. खळ (शाई फुटू नये म्हणून दिलेला लेप) कमी पडलेल्या कागदावर रेघेला केस फुटतात आणि अक्षर गढूळ होतं. शिवाय १५० जीएसएमची दोन पानं पाकिटासह २० ग्रॅममध्ये बसत नाहीत. एकच पान, ए-फाइव्ह आकारात, निवृत्तीच्या किंवा पन्नाशीच्या पत्राला घ्यावं.

पेनांविषयी थोडं. शाईच्या पेनाने बाँडवर लिहिलेलं मराठी अक्षर सुंदर दिसतं, यात वाद नाही. पण उन्हाळ्यात टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं तरी निबवरची शाई वाळते आणि पहिलं अक्षर अर्धं उमटतं. विचार करताना टोपण लावा. घामाचा तळवा कागदावर टेकला की तिथे शाई धरत नाही, हाताखाली टिपकागद किंवा साधी चिठ्ठी ठेवा. रॉयल ब्लू शाई पाण्याने जाते, त्यामुळे आत कोणतीही शाई वापरा, पत्ता मात्र बॉलपेननेच. पावसाळ्यात पत्ता धुतला गेला तर आतल्या मजकुराचा काही उपयोग नाही.

तयार ग्रीटिंग कार्डांची शिफारस करवत नाही. छापलेल्या चार ओळी लिहिणाऱ्याची जागा खातात आणि चकचकीत कागदावर जेल पेन पुसलं जातं. घ्यायचंच तर आतून कोरं घ्या. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं त्यावर, फक्त नाव लिहिण्याची जागा असते. आत दहा बाय सात सेंटिमीटरची बाँडची पट्टी घाला आणि तीन ओळी नवरा-नवरी दोघांची नावं घेऊन लिहा. आहेर मोजणारा पाकीट घाईने फाडतो, तेव्हा पट्टी नोटेला गुंडाळून ठेवा. सुटी ठेवली तर ती पाकिटाबरोबर केरात जाते.

पत्त्यात तालुका, जिल्हा आणि पिन कोड तिन्ही हवेत. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला तो सारख्या नावांच्या गावांचा घोळ मिटवायलाच. पिंप्री आणि वडगाव आपल्याकडे कितीतरी तालुक्यांत आहेत, आणि बुलढाण्यातही एक जळगाव आहे. जळगाव शहर ४२५००१, धुळे ४२४००१, नंदुरबार ४२५४१२. गावाचा आकडा त्या गावच्या पोस्टातून खात्री करून घ्या.

साध्या टपालाला पोहोच मिळत नाही. राखीच्या पत्राला म्हणून स्पीड पोस्ट करावं. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही त्यातच मिसळलं आहे. राखी चपटी निवडा, चिठ्ठीच्या दोन घड्यांमध्ये ठेवा आणि पाकीट खिडकीवर वजन करूनच द्या.