६१० हॉर्सपॉवरचा कागद

जुन्या शेव्हरलेसाठी बिग ब्लॉक (मोठ्या आकाराचं व्ही-८) इंजिन बांधून घेणार असाल, तर बिल्डरने दिलेल्या डायनो शीटवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर, आधी एक साधा हिशेब करून बघा. टॉर्क (पिळाचा जोर, पाउंड-फुटांत) गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले ५२५२. येणारा आकडा हॉर्सपॉवरच्या रकान्याशी जुळलाच पाहिजे, कारण डायनो मोजतो तो टॉर्क. हॉर्सपॉवर त्यातूनच काढतात. म्हणून ५२५२ आरपीएमला ग्राफच्या दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. मला मिळालेल्या शीटवर ६००० आरपीएमला टॉर्क ४७८ आणि हॉर्सपॉवर ६१० छापलेली. हिशेब केला तर येते ५४६. रेषा तर कुठेच छेदत नव्हत्या. हा रंगीत, देखणा कागद हाती पडला तो इंजिनासोबतच, म्हणजे शेवटचा हप्ता झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवण्याच्या अमेरिकी सेवेने) पोचल्यानंतर.

मी डेट्रॉइटच्या जवळ राहतो. गाडी १९७१ ची शेव्हेल. रविवारी रस्त्यावर फिरवायची आणि उन्हाळ्यात अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर (पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर) न्यायची, एवढीच हौस. ठरलं ते असं: शेव्हरलेच्या ४५४ क्यूबिक इंची इंजिनाचा चार बोल्ट मेनचा (क्रँक धरणाऱ्या कॅपला चार-चार बोल्टचा) ब्लॉक, बोअर ६० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवलेला, ४.२५ इंची स्ट्रोकचा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे एकूण ४९६ क्यूबिक इंच. फोर्ज्ड पिस्टन, हायड्रॉलिक रोलर कॅम (झडपा उघडणारा दांडा, ज्यावर रोलर फिरतात), अ‍ॅल्युमिनियमची हेड. कम्प्रेशन साडेदहा, म्हणजे पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर चालेल असं. बिल्डर शेजारच्या राज्यातला, गोडबोल्या. फोनवर तासन्‌तास कॅमच्या लिफ्टवर बोलायचा. ज्ञान खरं होतं त्याचं, हे आजही मान्य करतो.

पहिली शंका आली ओहायोत, नॉरवॉकच्या स्ट्रिपवर. चालकासकट गाडी ३,९०० पाउंड. तेवढ्या वजनाला ६१० हॉर्सपॉवर असेल तर पाव मैलाच्या शेवटी ताशी १२६ मैलांच्या आसपास वेग दिसायला हवा. माझ्या धावेच्या स्लिपवर १०४. म्हणजे जेमतेम ३४० हॉर्सपॉवर. बिल्डरला कळवलं तर म्हणे टायर घसरत असतील, मागचा गिअर बदल, कार्ब्युरेटरचे जेट बदल. ही थाप लक्षात ठेवा. टायर घसरले की वेळ बिघडते. शेवटचा वेग फारसा बिघडत नाही. तुम्ही कसे सुटलात ते वेळ सांगते, ताकद दिसते ती वेगात.

मग तेल बदलताना फिल्टर कापून बघितला, तर आतल्या कागदावर लोखंडाची चमकी. रोलर कॅममध्ये असं व्हायला नको. एका जुन्या मशीन शॉपमध्ये इंजिन नेलं. तिथल्या म्हाताऱ्याने अजून पान्याला हातही लावला नव्हता; पुढचा बॅलन्सर (क्रँकच्या टोकावरचं, हादरे कमी करणारं चाक) बघूनच विचारलं, “हा इंटर्नली बॅलन्स्ड आहे असं कोणी सांगितलं?” बॅलन्सरला एका बाजूला वजनाचा फुगवटा होता. इंटर्नल बॅलन्सला असं बाहेरचं वजन लागत नाही. ४५४ चा मूळ क्रँक बाहेरून बॅलन्स केलेला असतो, त्याला तसाच बॅलन्सर लागतो. माझ्या पावतीवर मात्र ‘इंटर्नल’ लिहिलेलं.

ऑइल पॅन काढला. मेन कॅपला दोनच बोल्ट. ब्लॉकवरचा ३६१९५९ हा कास्टिंग (ओतकामाचा) नंबर बिल्डरने मोठ्या तोऱ्यात फोटोत पाठवला होता, पण त्या नंबरचे ब्लॉक दोन बोल्टचेही निघाले आणि चारचेही. क्रँकवर साच्याच्या जोडाची रेघ बारीक, म्हणजे ओतीव. फोर्ज्डला तिथे रुंद पट्टा दिसतो. स्ट्रोक मूळचाच चार इंच, बोअर तीसच थाऊ वाढवलेला. झाले ४६० क्यूबिक इंच. पिस्टन ओतीव आणि वर खोलगट, ट्रकच्या इंजिनात असतात तसे. आणि कॅम फ्लॅट टॅपेटचा, म्हणजे रोलरऐवजी सपाट तळ घासत चालणारा! यावर मात्र माझं डोकं फिरलं. फ्लॅट टॅपेटला सुरुवातीला जास्त झिंकचं तेल घालून, २००० आरपीएमच्या वर वीसेक मिनिटं बसवून घ्यावं लागतं. रोलर आहे म्हटल्यावर ते कोण करतो? कॅमचे लोब (उंचवटे) घासून गुळगुळीत झाले होते. खोटं बोलून त्याने पैसे खाल्ले, आणि त्या खोट्यानेच इंजिनही खाल्लं.

अ‍ॅल्युमिनियमची हेड, इनटेक, कार्ब्युरेटर मात्र अस्सल. बॉनेट उघडल्यावर जे जे दिसतं, त्यात त्याने एक पैसाही वाचवला नव्हता.

त्याची खरी हुशारी पॅनच्या बोल्टवर लावलेल्या पिवळ्या रंगात होती. रंग तुटला की वॉरंटी रद्द. म्हणजे तपासलं तर हक्क गेला, आणि न तपासता पुरावा नाही. मी फोटो पाठवले तेव्हा उत्तर एका ओळीचं आलं: सील तोडलंत, विषय संपला.

इंजिनाचा पॅन लावून ते बंदिस्त करण्याआधीचे फोटो मागाच. कॅप उघड्या, क्रँक बसवलेला, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि तारीख. बोअरिंग आणि बॅलन्सिंग बाहेरच्या शॉपमधून झालं असेल तर त्या शॉपचं बिल मागा, आणि तिथे फोनही करा. कॅमसोबत येणाऱ्या माहितीच्या कार्डावरचा नंबर कॅमच्या टोकावरच्या नंबराशी ताडून बघा. सीलच्या रंगाची अट लिहून देत असेल, तर पॅन बसवायच्या दिवशी तिथे हजर राहण्याची अट तुम्हीही लिहून घ्या. आणि पैसे क्रेडिट कार्डनेच. माझा पहिला हप्ता कार्डावरचा होता, तो बँकेत तक्रार केल्यावर परत आला. झेलचे गेले ते गेलेच.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली. ५४० क्यूबिक इंचाचं इंजिन, सोबत डायनो शीट. ६००० ला टॉर्क ४७८.