मॅम्पाँगची कोको-बाग: झाडापाशी थांबू नका, कड्यापर्यंत जा

घानातल्या मॅम्पाँग-आक्वापिमला टेटे क्वार्शीच्या कोको-बागेत मी दोनदा गेले. पहिल्यांदा अक्राच्या एका टूरवाल्याच्या गाडीतून. वीस मिनिटं, चार फोटो, ‘हे बघा, इथून घानाचा कोको सुरू झाला’, आणि लगेच गाडीत बसा, पुढे अबुरीचा बगीचा उरकायचाय. परतताना फार चुटपुट लागली होती. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात गेले, त्याच डोंगरावर राहणाऱ्या एका वयस्कर वाटाड्यांबरोबर. हे परीक्षण त्या दुसऱ्या फेरीचं, आणि खरं तर त्या वाटाड्यांचं.

त्यांना सगळे नाना म्हणतात. ट्वी भाषेत नाना म्हणजे आजोबा किंवा घरातलं वडीलधारं माणूस, त्यामुळे माझ्या तोंडात ते नाव पहिल्या मिनिटापासून बसलं. त्यांनी मला अक्राहून ट्रोट्रोनेच, म्हणजे तिथल्या वडाप मिनीबसनेच, यायला सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. मदिना हे अक्राचं उपनगर सोडल्यावर बराच वेळ कोरडं, खुरट्या झुडपांचं मैदान लागतं. अयी मेन्सानंतर घाट सुरू होतो, खिडकीतून थंड वारा यायला लागतो, हिरवा रंग दाट होतो. अबुरी मागे टाकली की रस्ता डोंगराच्या माथ्यावरूनच गावांमागून गावं ओलांडत जातो. ही भूगोलाची पहिली शिकवणी, तीही फुकट.

बाग छोटी आहे, हे आधीच सांगते. मोठी लागवड बघायच्या अपेक्षेने जाल तर निराश व्हाल. टेटे क्वार्शी हा गा समाजाचा लोहार, बासेल मिशन या स्विस मिशनऱ्यांच्या कार्यशाळेत शिकलेला. फर्नांडो पो बेटावरून (आता त्याला बिओको म्हणतात) तो कोकोच्या बिया घेऊन आला आणि 1879 साली त्या इथे लावल्या. मिशनच्या लोकांनी आधी प्रयत्न केले होते, पण त्यांचा जम बसला नव्हता. नानांनी पहिल्या लावणीतलं म्हणून दाखवलं जाणारं झाड दाखवलं, पण तिथे ते फार रेंगाळले नाहीत. शेजारच्या झाडाच्या थेट खोडालाच लगडलेलं एक पिवळं फळ कोयत्याने उतरवलं, हलक्या हाताने टवका मारून फोडलं आणि माझ्यापुढे धरलं. आत पांढऱ्या बुळबुळीत गरात बिया रांगेने चिकटलेल्या. गर आंबट-गोड. बी मात्र चावली तर जांभळी आणि कडू जहर. ‘चॉकलेट कुठाय?’ असं माझ्या चेहऱ्यावर त्यांनी वाचलं असणार, कारण तिथून ते मला सरळ एका ओळखीच्या घरी घेऊन गेले.

परसात केळीच्या पानांखाली बियांचा ढीग आंबायला ठेवला होता. पान उचललं तर शिरक्याचा वास आणि वाफ. हात आत घालून बघा म्हणाले. चांगलाच गरम होता! सहा दिवस असं ठेवायचं, मध्ये वरखाली करायचं, मग उंच मांडवावरच्या चटयांवर उन्हात पसरायचं. चव इथे तयार होते. टूरवाल्यांच्या वीस मिनिटांत हे कधीच दिसलं नसतं.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्यापुढचं. नानांनी मला डोंगराच्या पश्चिम कडेला नेलं. खाली झाडीची दरी, पलीकडे डेन्सू नदीचा पट्टा. म्हणाले, ‘खरी शेती तिथे झाली.’ माथ्यावर जमीन कमी, म्हणून आक्वापिमचे, म्हणजे या डोंगरावरचे, शेतकरी खाली उतरले आणि नदीपलीकडे आकिम अबुआक्वा राज्याच्या प्रमुखांकडून रानं विकत घेतली. अबुरी-आक्रोपाँगकडच्या घरांत वारसा आईकडून, तिथे जमीन कुळाची म्हणून घेतली जाई. नाना शेजारच्या मामफे गावचे, त्यांच्याकडे वारसा बापाकडून. तिथले लोक ‘कंपनी’ करून, म्हणजे एकत्र पैसे घालून, घेत आणि मग ज्याने जितके घातले त्या हिशोबाने दोरीने मापून लांबच लांब पट्ट्या पाडत. माप कसलं? नानांनी दोन्ही हात पसरून दाखवले. आपली वाव!

हे ऐकल्यावर आकडे वेगळेच वाटायला लागतात. 1891 मध्ये निर्यातीची पहिली नोंद 80 पौंड वजनाची, म्हणजे एक पोतंसुद्धा धड नाही. 1911 पर्यंत गोल्ड कोस्ट (घानाचं तेव्हाचं नाव) कोकोत जगात पहिला. मधल्या वीस वर्षांत रेल्वेही या रानांपर्यंत नीट पोचली नव्हती. माल डोक्यावरून नाहीतर लाकडी पिंपांत भरून रस्त्याने लोटत बंदराकडे न्यायचे. टेटे क्वार्शी 1892 मध्येच गेला, त्याने यातलं फारसं काही पाहिलं नाही.

1937-38 मध्ये शेतकऱ्यांनी युरोपीय कंपन्यांना कोको विकायचाच बंद केला होता, ते नानांनी अभिमानाने सांगितलं. कोकोच्या झाडाच्या फांद्या सुजवणाऱ्या ‘स्वोलन शूट’ रोगाबद्दल बोलताना मात्र आवाज खाली आला. 1936 मध्ये कोफोरिदुआच्या आसपास तो सापडला. पिठ्या ढेकूण त्याचा विषाणू पसरवतात आणि झाड तोडण्याशिवाय इलाज नसतो. सरकारी माणसं येऊन फळांनी भरलेली झाडंसुद्धा तोडून गेली. त्यांचे वडील दोन दिवस जेवले नव्हते. पुढे कोकोचा मुख्य पट्टा अशांती प्रांताकडे आणि पश्चिमेकडे सरकला. इथल्या कित्येकांनी तिकडे जाऊन दुसऱ्याच्या जमिनीवर ‘अबुसा’ने शेती केली, म्हणजे पिकाचे तीन वाटे करायचे.

उणिवा? बागेत वाचायला माहितीफलक फारसे नाहीत, त्यामुळे सांगणारा माणूस चांगला नसेल तर हाती काही लागत नाही. कडेची वाट निसरडी आहे, चपला घालून जाऊ नका. सेडी (घानाचं चलन) रोख आणि सुटे ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात हा तोडणीचा हंगाम, तेव्हाच जा. नंतर हरमाटन या सहारातून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ दरी झाकून टाकते. आणि आधीच बजावून सांगा, आम्हाला कड्यापर्यंत यायचंय.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा चाललेय, या वेळी डेन्सूच्या पलीकडे. नानांच्या आजोबांनी घेतलेली पट्टी अजून चुलतभावांकडे आहे. ती वावेने मोजून दाखवतो म्हणालेत.