साडेआठशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: दोन वर्षांचा वापर आणि तीन जुन्या गाड्या

हा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोष मोबाइलवर दाखवणारी डबी, मी दोन वर्षांपूर्वी घेतला. तेव्हाच लिहिलं असतं तर ‘चालतो, पैसे वसूल’ यापलीकडे काही लिहिता आलं नसतं. गेल्या हिवाळ्यात नणंदेसाठी जुनी गाडी शोधताना त्याचा खरा उपयोग कळला, आणि तो कुठे अजिबात कामाचा नाही हेही कळलं. जुनी गाडी घेणाऱ्यांना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी वस्तूबद्दल. काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी, तिला सोळा पिनांचं तोंड. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली तसंच सॉकेट असतं, तिथे ती खोचायची, चावी फिरवायची, मोबाइलचं ब्लूटूथ जोडायचं (पिन बहुतेक वेळा १२३४) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर यांपैकी एखादं अ‍ॅप उघडायचं. भारतात एप्रिल २०१३ पासून ओबीडीचा दुसरा टप्पा बंधनकारक झाला, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांना अडचण येत नाही. त्याआधीची गाडी असेल तर घेण्यापूर्वी कुणाचा तरी स्कॅनर लावून बघा. आयफोनवाल्यांनीही जपून घ्या. साध्या ब्लूटूथची डबी आयफोनशी बोलत नाही, वायफायची किंवा ब्लूटूथ एलई असलेली लागते.

डबीवर ईएलएम३२७ लिहिलेलं असतं. ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारं संरक्षण नव्हतं, त्यामुळे जगभर नकला झाल्या. ती कंपनी तर २०२२ मध्ये बंदच झाली. म्हणजे आपल्याला बाजारात मिळते ती जवळजवळ नक्कलच, आणि नकलांमध्येही डावं-उजवं असतं. माझी पहिली डबी साडेतीनशेची होती. इंजिन चालू केलं की दर दोन मिनिटांनी जोडणी तुटायची. ती परत केली आणि ही साडेआठशेची घेतली. दोन वर्षांत हिने एकदाही त्रास दिलेला नाही.

घ्यायचं कारण आमची स्वतःची गाडी. २०१४ चं पासिंग, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मिरजेहून सांगलीला कॉलेजला जाताना तिसऱ्या गिअरला पिकअप घेतला की झटके द्यायची, मिसिंग मारायची, आणि डॅशबोर्डवरचा चेक लाइट (इंजिनमधला दोष कळवणारा दिवा) लुकलुकायचा. नुसता लागून राहिलेला चेक लाइट आणि लुकलुकणारा चेक लाइट यांत मोठा फरक आहे. लुकलुकतो तेव्हा सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जात असतं आणि तिथे जळून त्याची वाट लावत असतं. तशी गाडी दामटू नये. मी दामटली नाही. एका वर्कशॉपला दाखवली, तर तीनही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग), तीनही प्लग आणि इंजेक्टर सफाई धरून सोळा हजारांचं एस्टिमेट हातात पडलं. नेमकं काय बिघडलंय, हे विचारल्यावर ‘सगळं बदललं की जाईल’ असं उत्तर आलं.

या उत्तराने मला फार वाईट वाटलं. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलला मुलांना पहिल्या दिवसापासून सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. स्कॅनर लावला तर कोड आला पी०३०३. यातलं पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा दोष, ०३०० म्हणजे मिसफायर आणि शेवटचा आकडा सिलिंडरचा. तिसरा सिलिंडर नीट जळत नाही, एवढंच ही डबी सांगते. प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, ते ती सांगत नाही.

आमचे मिस्त्री शिवाजी रोडकडच्या एका गल्लीत बसतात. त्यांना कोड सांगितला. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. एक बोल्ट, एक कनेक्टर, दहा मिनिटांचं काम. कोड पुसला, गाडी फिरवून आणली. आता कोड आला पी०३०१. दोष कॉइलबरोबर चालत गेला, म्हणजे दोष कॉइलचाच! तो तिसऱ्यावरच राहिला असता तर पुढे प्लगची अदलाबदल केली असती, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एक कॉइल एकोणीसशेला आली, मजुरी दोनशे. ती गाडी आजही त्याच बाकीच्या दोन जुन्या कॉइलवर पळते.

त्यानंतर डबीचा रोजचा उपयोग म्हणाल तर व्होल्टेज. सकाळी सेल्फ मारताना गाडी कण्हते तेव्हा बॅटरी गेली की ती भरणारा अल्टरनेटर, हा प्रश्न घरोघरी पडतो आणि बरेचदा चुकीची वस्तू बदलली जाते. रात्रभर उभ्या गाडीची धडधाकट बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू झालं की आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढायला हवा. चढला तर अल्टरनेटर काम करतोय, बॅटरीकडे बघा. साडेबाराच्या खालीच राहिला तर नवी बॅटरी घालूनही ती चार दिवसांत बसेल. डबीचा आकडा मल्टिमीटरपेक्षा एखाद-दोन दशांशाने इकडेतिकडे असतो. निदानाला तेवढं पुरतं.

दुसरं म्हणजे कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान. हल्लीच्या कितीतरी गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, थेट लाल दिवा लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. रत्नागिरीला जाताना आंबा घाटात शेजारी बसलेल्याच्या हातात मोबाइल द्यायचा आणि आकडा वाचायला सांगायचा. आमचा ९० च्या आसपास राहतो, चढावर थोडा वर जातो, पंखा लागला की उतरतो. तो उतरायचं नाव घेत नसेल तर गाडी बाजूला घ्यायची. आणि गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडायचं नाही.

आता जुनी गाडी.

नणंद तासगावला राहते, सांगलीत नर्स आहे. रात्रपाळी संपवून पहाटे दुचाकीवरून घरी जाताना दोनदा पडता पडता वाचली. मग चार लाखांच्या आत बसणारी चारचाकी शोधायला लागलो. मी, ती, मिस्त्री आणि ही डबी.

पहिली गाडी एका एजंटाकडची, २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. धुऊन पुसून लखलखीत, बॉनेटखालीसुद्धा पॉलिश. चेक लाइट बंद. स्कॅनर लावला, कोड शून्य. नणंद म्हणाली, “वहिनी, चांगली दिसतेय की!” इथेच थांबले असते तर फसलो असतो. मी अ‍ॅपमध्ये दोन पानं पुढे गेले. एका पानावर ‘रेडीनेस मॉनिटर’ असतात. गाडीचा संगणक ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरेंच्या चाचण्या चालता चालता घेत असतो आणि पूर्ण झालेल्या चाचणीपुढे तशी खूण करतो. कुणी कोड पुसले की त्याबरोबर या चाचण्यांची पाटीही कोरी होते, आणि ती पुन्हा भरायला गाडी थंड अवस्थेत सुरू होऊन, गावात आणि हायवेवर, काही दिवस फिरावी लागते. या गाडीच्या बहुतेक चाचण्या अपूर्ण होत्या. दुसऱ्या पानावर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असतं. तिथे आकडा होता ३ किलोमीटर.

आमच्यासमोर येण्याआधी तीन किलोमीटरवर कुणीतरी या गाडीची पाटी पुसली होती. एजंट म्हणाले, “ताई, काल बॅटरी बदललीय, म्हणून असेल.” हे खरं असू शकतं. बॅटरीची वायर काढली तरी कित्येक गाड्यांत हे आकडे शून्यावर येतात. म्हणून मी वाद घातला नाही. लांबची टेस्ट ड्राइव्ह मागितली आणि पेट्रोल आमचं घातलं. तासगावपर्यंत जाऊन आलो. चेक लाइट शेवटपर्यंत लागला नाही, पण ‘पेंडिंग’ या यादीत, म्हणजे दिवा लागण्याआधी दोष जिथे नोंदला जातो तिथे, पी०४२० येऊन बसला होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची शंका. कधीकधी हा कोड सेन्सरमुळे किंवा सायलेन्सरच्या गळतीमुळेही येतो, पण ती शंका आम्ही का विकत घ्यायची? इसार न देता उठलो.

एवढ्या एका पानासाठी ही डबी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोड पुसणं मिनिटाचं काम आहे. चाचण्या पूर्ण करून दाखवणं मिनिटाचं काम नाही.

दुसऱ्या गाडीने मात्र मला जागेवर आणलं. डिझेल, एकच मालक, बोलणं अदबीचं. कोड नाहीत, मॉनिटर पूर्ण, पुसल्यापासूनचं अंतर अकरा हजारांच्या वर, चार्जिंग १४.१. मी मनातून हो म्हणून टाकलं होतं. मिस्त्रींनी तोवर मोबाइलकडे पाहिलंही नव्हतं. त्यांनी मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी आत गुंडाळलेला राहणारा पट्टा बाहेर आला, तर त्यावर एका सरळ रेषेत मातकट डाग. मग त्यांनी सीटखाली हात घालून रुळांचा गंज दाखवला, डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खाचेतला वाळलेला गाळ नखाने खरवडला. “पुरातली हाय, ताई,” एवढंच म्हणाले.

सांगलीकरांना याहून जास्त सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ ला पुन्हा पूर आला. किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांतल्या कितीतरी धुऊन, वाळवून, नव्या सीट कव्हरखाली पुन्हा रस्त्यावर आल्या. वायरिंगच्या सांध्यांत शिरलेलं पाणी वर्षांनंतर त्रास देतं, आणि तो त्रास सुरू होईपर्यंत माझ्या डबीला तो दिसत नाही. तिला ठोकलेली गाडी दिसत नाही, बदललेला पिलर दिसत नाही, घासलेली क्लच प्लेट दिसत नाही. साध्या अ‍ॅपवर एअरबॅग आणि एबीएसचे कोडही बहुतेक गाड्यांत दिसत नाहीत. मागे फिरवलेलं किलोमीटरही ती पकडून देत नाही. त्यासाठी सर्व्हिसच्या पावत्या आणि झिजलेले पेडल बघावे लागतात.

तिसरी गाडी विश्रामबागमधल्या एका निवृत्त गृहस्थांची वॅगनआर, २०१७ चं पासिंग, ६१ हजार चाललेली, प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेने फाइलला. काका स्वतः म्हणाले, “लावा तुमचं यंत्र, मलाही बघायचंय.” मॉनिटर पूर्ण, कोड नाही. उभ्या गाडीचं व्होल्टेज मात्र ११.९. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचले (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), तर चारही टायर गाडीच्याच वयाचे. बॅटरी आणि टायर हे दोन मुद्दे समोर ठेवले आणि काकांनी कुरकुर न करता अठरा हजार कमी केले. बेल्ट ओढून पाहिले, स्टेपनी उचलली, मिस्त्रींनी मान हलवली.

कागदांचं थोडक्यात सांगते. आरसीवर बँकेचा बोजा होता, कर्ज फिटलेलं असूनही. आधी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी देऊन तो उतरवून घेतला, मगच पूर्ण पैसे दिले. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. बाकी असलेलं एक ई-चलन काकांनी भरलं. विम्यातला नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो, तो आपल्याकडे येत नाही. त्यामुळे विम्याचा हप्ता अंदाजापेक्षा वाढला.

डबीची एक खोड लक्षात ठेवा. सॉकेटला वीज कायम चालू असते. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर डबी काढून ठेवा, नाहीतर ती बॅटरी थोडी थोडी पीत राहते. बंद-चालूचं बटण असलेलीही मिळते. आता घ्यायची झाली तर मी तीच घेईन, कारण ही डबी आता माझ्याकडे राहिलेली नाही. नणंदेच्या गाडीत आहे. पाळी संपली की ती डबी खोचते, गाडी सुरू करते आणि निघण्याआधी मला आकडा पाठवते. आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला होता: १४.२, निघाले.