पाटाच्या घडणीची सागवानी खुर्ची

सावंतवाडीतील एका लहानशा कार्यशाळेतून आम्ही जेवणाच्या टेबलासाठी घेतलेली ही हातघडणीची सागवानी खुर्ची जुन्या पाटावर बेतलेली असून तिचा खरा गुण तिच्या बैठकीत आहे. दोन रुंद फळ्यांची ही बैठक मधोमध किंचित खोलगट आहे आणि पुढची कड गोलवलेली असल्यामुळे ती मांडीला रुतत नाही, म्हणून गादीवाचून तासभर बसता येते. पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास येणाऱ्या आपल्या किनारपट्टीवर ही सोय लहान नव्हे. बैठकीची उंची 45 सेंटिमीटर असल्याने 75 सेंटिमीटरच्या नेहमीच्या टेबलाखाली मांड्यांना पुरेशी जागा राहते.

सांध्यांत कोठेही स्क्रू नाही. आडव्या दांड्यांची टोके पायांतील खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्की केली आहेत, आणि खाऱ्या हवेत लोखंड किती लवकर गंजते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. त्याहून मला आवडली ती कारागिराची एक समज: पावसाळी दमटपणात फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे जाणून त्याने बैठकीच्या फळ्या चौकटीला डिंकाने न जखडता खाचेत किंचित सरकत्या ठेवल्या आहेत.

पायांवरील लाखेच्या लाल-पिवळ्या पट्ट्यांबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते. सावंतवाडीच्या खेळण्यांवर हे काम शोभते आणि टिकतेही, परंतु रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या फरशीलगत लाख पांढुरकी पडते आणि केरसुणीच्या, चपलांच्या धक्क्यांनी तिचे टवके उडतात. पट्टे गुडघ्याच्या उंचीवर घेतले असते तर बरे झाले असते.

पाठ तीन कातीव दांड्यांची आणि जरा ताठ आहे. जेवताना ती खटकत नाही. पण सोलकढी संपल्यावरही गप्पा लांबवणाऱ्या मंडळींना ती लवकरच उठवते (यजमानाला हा गुणही वाटू शकेल). वजन बरेच असल्याने वयस्कर माणसांना ती एकट्याने मागे सरकवणे जड जाते.

किंमत साडेअकरा हजार रुपये आहे. फणसाच्या लाकडात ती थोडी स्वस्त मिळते. त्याचा पिवळा रंग पुढे तांबूस तपकिरी होत जातो, तेव्हा संच घ्यायचा असल्यास सर्व खुर्च्या एकाच वेळी मागवाव्यात आणि पायांना लाख नको असल्यास तसे आगाऊ सांगावे.