पॉलिशर घेताना बॅकिंग प्लेटवर एक रेघ मारून बघा

गाडीच्या पेंटवरचे ओरखडे काढायला पॉलिशर कुठला घेऊ असं कोणी विचारलं की मी आता वॉट आणि कंपनी यावर बोलतच नाही. मी सांगतो, बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे जिच्यावर फोमचा पॅड चिकटवतात त्या चकतीच्या, कडेला मार्करने एक जाड रेघ मारा, मशीन बॉनेटवर टेकवा, चालू करा आणि हात हळूहळू पुढे नेताना ती रेघ गोल फिरतेय का बघा. फिरत असेल तर पॅड काम करतोय. रेघ एका जागी थांबून नुसती थरथरत असेल तर मशीन कितीही महागाचं असू दे, स्क्रॅच जवळपास तसेच राहणार, तुमचा वेळ आणि कंपाऊंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, मात्र संपणार.

मी हे हौसेने करतो, धंदा नाही. स्वतःची काळी गाडी, घरातली दुसरी आणि मित्रांच्या काही, वर्षाला सात-आठ गाड्या होतात. पण एवढ्यात सहा प्रकारची मशीन वापरून झाली, काही विकत घेतलेली, काही मागून आणलेली, त्यामुळे हा रिव्ह्यू एका मॉडेलचा नाही, पहिलं मशीन घेताना कुठला प्रकार निवडायचा याचा आहे.

आधी रोटरी, कारण रबिंग म्हटलं की डोळ्यासमोर तेच येतं. एकाच अक्षावर गोल फिरणारं, हजार-दीड हजार आरपीएमवर चालवायचं मशीन. ते कापतं, म्हणजे पेंटचा वरचा थर घासून काढतं, जबरदस्त, खोल सँडिंग मार्क (सँडपेपरचे ओरखडे) काढायला अजूनही त्याच्यासारखं दुसरं नाही. पण सगळी उष्णता एकाच ठिकाणी साठते आणि हात थोडा तिरका झाला की उन्हात होलोग्राम दिसतात, म्हणजे गाडी बाजूने बघितली की प्रकाशाबरोबर हलणारे ते पट्टे. मी भंगारातून आणलेल्या एका दरवाज्यावर प्रॅक्टिस करत होतो, कडेवर जेमतेम काही सेकंद जास्त थांबलो आणि खालचा प्रायमर दिसायला लागला. तो दरवाजा मी मुद्दाम ठेवलाय. कंपनीच्या पेंटवरचा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो हो, बहुतेकांच्या केसापेक्षाही पातळ, आणि कडांवर, बॉडी लाईनवर त्याहून कमी. म्हणून पहिलं मशीन रोटरी घेऊ नका असंच मी सांगेन. आणि अँगल ग्राइंडरला पॅड लावायचा विचार तर डोक्यातूनच काढा, तो दहा-अकरा हजार आरपीएमला पळतो, त्याचं आणि पेंटचं काही नातं नाही.

मग राहतं डीए, ड्युअल ॲक्शन. यात पॅड गोल फिरतो आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतो. त्या छोट्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो, 8, 12, 15, 21 मिलिमीटर असे आकडे मशीनच्या नावापुढे दिसतात ते हेच. आता खरी गोम अशी की साध्या डीएमध्ये पॅडला गोल फिरवणारं गिअर वगैरे काही नसतं, प्लेट मध्यापासून बाजूला बसवलेल्या बेअरिंगवर मोकळी असते आणि मशीनच्या हलण्यातून तिला फिरण्याची गती मिळते. जोरात दाबलंत, मशीन तिरकं धरलंत किंवा पॅनल वाकडं असलं की ती गती मरते. रेघ थांबते ती इथेच. मशीन सुरक्षित असण्याचं कारणही तेच आहे, चुकलात तर पॅड थांबतो, पेंट जाळत नाही.

माझं पहिलं मशीन 8 मिलिमीटरवालं होतं, नाव नको, एकदम बेसिक. पोर्टर केबलचं 7424एक्सपी ज्यांना माहीत असेल त्यांना अंदाज येईल, त्याच घराण्यातलं, मिनिटाला 2500 ते 6800 हेलकावे. काम करायचं, खोटं कशाला बोलू, पण स्पीड पाचवर ठेवला की हाताला मुंग्या यायच्या आणि एका बॉनेटला अख्खी दुपार जायची. बरेच दिवस मला वाटायचं की माझंच तंत्र चुकतंय. मग रेघ मारली तेव्हा कळलं की त्याच्यावर मी जाड, प्लेटपेक्षा खूपच मोठा पॅड लावत होतो, मशीनला तो फिरवायलाच जमत नव्हतं. साडेपाच इंची पातळ पॅड लावला आणि तेच मशीन दुसरंच वाटायला लागलं. तेव्हा कोणाकडे आधीच 8 मिलिमीटरवालं असेल तर विकायच्या आधी पॅड बदलून बघा.

15 मिलिमीटर आणि 5 इंची म्हणजे 125 मिलिमीटरची प्लेट, हे माझं सध्याचं मशीन आणि पहिलं मशीन घेणाऱ्याला माझं उत्तरही हेच. रुपेसच्या एलएचआर15 ने हा साचा लोकप्रिय केला आणि आता बऱ्याच कंपन्या या मापात मशीन देतात. फरक पहिल्याच पॅनलवर जाणवतो, पॅड प्रत्येक फेरीत जास्त अंतर घासतो म्हणून काम लवकर होतं, आणि मशीन नीट बॅलन्स केलेलं असेल तर थरथर इतकी कमी की एका हाताने धरावंसं वाटतं, तरी दोन्ही हातांनीच धरा. माझ्या काळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे ओरखडे होते, कोरड्या फडक्याने पुसून पुसून झालेले, ते मिडीयम पॉलिश आणि पॉलिशिंग फोमच्या चार पासमध्ये, म्हणजे चार वेळा फिरवून, बहुतेक गेले. कंपाऊंडची गरजच पडली नाही.

21 मिलिमीटर मी मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलं होतं, 6 इंची प्लेट. छप्पर आणि बॉनेट असं सपाट आणि मोठं पॅनल असेल तर ते मशीन लोण्यासारखं चालतं, 15 पेक्षा वेळ कमी लागतो हे मी मान्य करतो. पण दरवाज्याच्या खालच्या वळणावर, फेंडरच्या कमानीवर, बंपरच्या कोपऱ्यात आलं की रेघ थांबलीच. थ्रो जेवढा मोठा तेवढा वाकड्या जागी पॅडचा एक काठ आधी टेकतो आणि अडकतो. आणि आजकालच्या गाड्या बघा ना, सपाट जागा आहे कुठे, सगळीकडे घड्या आणि उठलेल्या रेषा. मोठी एसयूव्ही असेल आणि जोडीला छोटं मशीन असेल तर 21 घ्या, एकच मशीन घेणार असाल तर नको.

फोर्स्ड रोटेशनवाल्यांबद्दल लोक एकतर जीव टाकतात नाहीतर नावं ठेवतात. यात गिअर असतो, पॅड थांबूच शकत नाही, कितीही दाबा. फ्लेक्सचं एक्ससी 3401 हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं, 8 मिलिमीटर थ्रो. मी या प्रकारचं एक मशीन आठवडाभर वापरलं. वळणांवर ते खरंच वाघ आहे, जिथे माझं 15 थांबतं तिथे हे शांतपणे कापत जातं, कडक क्लिअर कोटवर तर फारच उपयोगी. पण ते हाताला ओढतं, एका बाजूला चालायला बघतं, आणि दोन तासांनी खांदा बोलायला लागतो. शिवाय डीएची जी सुरक्षितता, की चुकलं तर पॅड थांबतो, ती इथे नाही, कडेवर उष्णता वाढत राहते. जोडीचं मशीन म्हणून उत्तम, पहिलं म्हणून मी देणार नाही. मकिताच्या पीओ5000सी सारख्या मशीनमध्ये मोकळा आणि फोर्स्ड असे दोन्ही मोड एका बटणावर मिळतात, तो मधला मार्ग ज्यांना हवा त्यांनी हातात घेऊन बघावा.

75 मिलिमीटरच्या, म्हणजे 3 इंची प्लेटच्या छोट्या मशीनला मी आधी चैन समजत होतो, पण एकदा वापरलं आणि मत बदललं. खिडक्यांमधले पिलर, आरशांचं कव्हर, दरवाज्याच्या हँडलभोवती, डिकीवर नंबर प्लेटच्या आजूबाजूला, या जागी मोठा पॅड जातच नाही आणि हाताने घासून काहीही होत नाही. नेमके तिथलेच ओरखडे रोज दार उघडताना दिसतात. दुसरी खरेदी करायची असेल तर हीच करा. मोठ्याच मशीनला 3 इंची प्लेट लावून काम भागेल असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं, पण आतलं काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, मूळ प्लेट-पॅडच्या वजनाला जुळवलेलं असतं, छोटी प्लेट लावली की थरथर लगेच वाढते.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन. बजेट ठरवताना सगळं मशीनमध्ये घालू नका, पॅडला ठेवा. एका गाडीला एक पॅड पुरत नाही, तो कंपाऊंडने भरतो, तापतो, मऊ पडतो आणि कापायचा थांबतो, मग लोक मशीनला दोष देतात. मी एका गाडीला पाच-सहा पॉलिशिंग पॅड आलटून पालटून वापरतो आणि प्रत्येक सेक्शननंतर ब्रशने झटकतो. चांगले पॅड आणि साधं मशीन याचा निकाल महागडं मशीन आणि दोनच पॅड यापेक्षा चांगला येतो, हे मी दोन्ही प्रकारे करून बघितलंय. मायक्रोफायबर पॅड डीएवर फोमपेक्षा जास्त कापतो, पण मऊ पेंटवर धुरकट छटा सोडतो, ती नंतर फोमने काढावी लागते.

मशीन बघायला गेलात तर लोडखाली स्पीड टिकतो का बघा, काही स्वस्त मशीन दाबलं की गुरगुरून मंद होतात. स्विच हळू सुरू होणारा हवा, नाहीतर पॉलिशचे थेंब काचेवर उडतात. वजन दोन-अडीच किलोच्या आसपास ठीक, पण नुसतं काट्यावरचं बघू नका, आडवं धरून दरवाज्याच्या उंचीला दोन मिनिटं ठेवून बघा, बॉनेटवर सगळीच मशीन हलकी वाटतात. वायर लांब आणि मऊ असावी, खांद्यावरून मागे टाकून काम करायचं असतं. बॅटरीवालं सोयीचं असतं, पण अख्ख्या गाडीला चार्ज केलेल्या बॅटऱ्यांची रांग लागते, घरी प्लग असेल तर वायरवालंच बरं.

घरी आणल्यावर लगेच अख्ख्या गाडीवर तुटून पडू नका. गाडी धुवा, क्ले (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) फिरवा, काळ्या ट्रिमला, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांना, मास्किंग टेप लावा कारण पॉलिश वाळून पांढरं बसलं की निघता निघत नाही. मग दीड-दोन फुटांचा एकच चौकोन घ्या, सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड, तीन-चार थेंब, स्पीड चार ते पाच, हात इतका हळू की सेकंदाला इंचभरच सरकेल, आधी आडवं मग उभं. हातापेक्षा मशीनचं वजनच दाब देतं, वरून थोडासाच. झालं की आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मारून पुसा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते भरून टाकतं आणि तुम्हाला वाटतं गेले. मग टॉर्च मारून बघा. नाही गेले तरच पुढचा जास्त कापणारा पॅड. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र स्पीड एक घर खाली, प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, तिथेच साठवतं.

आणि मशीनबरोबर एक जास्तीची बॅकिंग प्लेट घेऊन ठेवा. प्लेटचं वेलक्रो उष्णतेने हळूहळू पकड सोडतं, माझं सुटलं तेव्हा छप्पर झालं होतं, बॉनेट अर्धं झालं होतं आणि दुसरी प्लेट यायला चार दिवस लागले.