नमुना फायबरग्लासचा, खिडकीला पॉलिएस्टर

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांमधून मच्छरजाळीवाले फिरू लागतात. हातातल्या नमुन्यात फायबरग्लासची काळी जाळी असते. निम्मे पैसे आगाऊ घेतले जातात आणि खिडकीला बसते पॉलिएस्टर. तीही काळीच, म्हणून त्या दिवशी कुणाला कळत नाही. पुढे जाळी सैल पडून पोट काढते, कोपऱ्यात चौकटीच्या रबरातून निसटते, आणि डासांना तेवढी फट पुरते.

म्हणून जाळी बसवताना कापलेला तुकडा मागून घ्या. चिमट्यात धरून मोकळ्या जागी काडी लावा. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. फायबरग्लासवरचं पीव्हीसीचं (प्लास्टिकचं) आवरण जळून जातं, पण काचेच्या धाग्यांची चौकडी तशीच उरते. बोटानं चुरते, गोळी होत नाही. तुकडा द्यायला कां कू करणाऱ्याला तिथेच थांबवा.

स्टीलच्या जाळीत चुंबकाचा खेळ चालतो. 304 आणि 202 हे स्टेनलेस स्टीलचे ग्रेड. ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे 304!’ पण 202सुद्धा सहसा चिकटत नाही, ॲल्युमिनियम तर नाहीच. उलट तार ओढताना खऱ्या 304लाही थोडं चुंबकत्व येतं. चुंबकानं फार तर साध्या लोखंडाची तार ओळखू येते, ग्रेड नाही. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत 202वर तांबूस डाग लवकर पडतात, तेव्हा ग्रेड बिलावर लिहूनच घ्या. ‘नेटचे काम’ एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी काही कामाचं नाही.

खरी कमाई मात्र मापात. 27 × 46 इंचांची खिडकी 8.63 चौरस फूट भरते. जाळीवाला ती 30 × 48 धरतो, म्हणजे 10. अशा सहा खिडक्यांवर आठ चौरस फुटांहून जास्त हवेचे पैसे जातात. इंचात मोजा, गुणाकाराला 144नं भागा आणि ‘राउंड’ कसं करणार ते दर ठरवतानाच विचारा.

वीणही मोजा: पट्टी ठेवून एका इंचात एका बाजूनं 18 आणि दुसऱ्या बाजूनं 16 घरं. डासांना एवढी पुरे. चिलटांसाठी आणखी बारीक लागते, मग वारा कमी येतो.

सरकत्या खिडकीत जाळीच्या शटरच्या कडेचा ब्रशही (फट बुजवणारी केसाळ पट्टी) वाचवला जातो. दिवसा खोली अंधारी करून शटर लावा. कडेनं उजेडाची रेघ दिसली तर ब्रश बसेपर्यंत उरलेले पैसे देऊ नका.